मडक्यांवरची बाज

पार्डी तळ्याची
चंपासष्टीचा दुसरा दिवस, सन १९३६

तुमच्या पायाशी तुळसाचा नमस्कार. रागात करून राह्यली, पन करून राह्यली.

तुमी अकोल्याच्या जिनात कामाले लागले, हे मले मंगरूळच्या बाजारात एका माळनीकडून समजलं. घरधनी कुठं हाय हे वांगी इकनाऱ्या बाईनं सांगावं, अन आपन ‘हाव वं, ठाऊक हाय मले’ म्हनून तिच्याकडून नको असतानी वांगी घ्यावी, अशी माही गत. पाकिटावर तुमचं नाव शाळेच्या मास्तरानं घातलं, म्या नाई घेतलं. आतलं सारं माह्या हातचं हाय. तिसरी पास हाव मी. तुमी दुसरीतून पळाले ते तळ्यावरच सापडले, असं तुमची माय अजून चारचौघींत सांगते.

इकडं समदं ठीक. तुमची माय ठीक. बकरी ठीक. छप्पर गळत नाई, कारन पाऊस नाई.

आता मुद्द्याचं. काल उकंडराव आले होते. तुमचे चुलतभाऊ, माहे भासरे, म्हनून मी दाराआड उभी राह्यली. ओट्यावर बसले, पानी मांगलं, अन माही तारीफ कराले लागले का बाई, एकटीनं घर कसं झाक चालवून राह्यली. भासरे गोड बोलले का समजाचं, काहीतरी न्यायले आले. पानी पिऊन मंग बोललेच. दौलत काही येत नाई म्हने. पौषाच्या पुनवेले तुमच्या घराची मरळ आसरामायपुढं पडनार नाई, तं घाट कोनाकडं जातो ते तुले ठाऊकच हाय.

तुमाले बी ठाऊक हाय, तरी लिवते, कारन जिनातल्या कापसानं तुमच्या कानात बोळे बसले असतीन. आपल्या तळ्यावर ज्या भोयाच्या घराले घाट हाय, काठाचा अन पान्याचा आपला तुकडा, त्या घरानं हिवाळ्यात आपल्याच घाटाच्या पान्यातून एक मरळ मासळी काढाची, हातभर लांब, अंगावर ठिपके असलेली, अन पौषाच्या पुनवेले तळ्याच्या देवीपुढं, आसरामायच्या गोट्यांपुढं ठेवाची. ज्याची मरळ नाई पडली, त्याचा घाट जवळच्या भाऊबंदाले. अन घाट गेला म्हनजे काय गेलं? मासे गेले, शिंगाड्याचा वेल गेला, अन तुमची माय अन मी दुसऱ्याच्या काठावर रोजानं जाळे धुवाले बसलो. उकंडरावाच्या काठावर. त्यांची बायको वरून हुकूम सोडन अन मी खाली हाव हाव करीन. मी आडात उडी घेईन, पन ते नाई करनार.

तळ्यात मासा राह्यला नाई, असं तुमी दिवाळीच्या तोंडावर म्हनून गेले. मासा हाय. मासा कुठंच गेला नाई, तुमी गेले. मागच्या हिवाळ्यात कारंज्याच्या मदनसिंग ठाकुराले तुमी डोंग्यात घेऊन गेले, त्यांच्या गळाले मरळ लागली, अन लागली तं लागली, तुमी आनंदानं डोंग्यात उभे राह्यले. डोंगा पालथा, ठाकूर पान्यात, मरळ पसार. समदं गाव हासलं. मी बी हासली. पन हासन्यावरून कोनी गाव सोडते काय?

एक दिवस या. मरळ काढा, गोट्यांपुढं ठेवा, मंग जा तुमच्या कापसात. मी अडवनार नाई.

मले तुमची याद वगैरे काही येत नाई.

तुळसा


पार्डी
मार्गशीर्षातली शेवटली एकादस

नमस्कार तं करतेच.

तुमचं कार्ड आलं. एवढ्या मोठ्या कार्डावर तीन ओळी. तळ्यात मासा नाई. घाट उकंडरावाले देऊन टाक. डोंग्याले हात लावू नको, बाईचा पाय डोंग्यात पडला तं आसरामाय कोपते.

घाट देऊन टाक म्हने. जसं काही शेजारनीले वाटीभर ताक द्याचं हाय. ते कार्ड म्या तुमच्या मायले वाचून दाखवलं. त्या म्हनल्या, परत वाच. परत वाचलं. मंग उठून बकरीले पाला टाकाले गेल्या. बकरीले पाला आधीच टाकला होता.

डोंग्याले म्या हात लावला नाई. तुमी काठावर ओढून ठेवला तसाच पडला हाय, वाळून त्याले भेगा पडल्या. बाईनं डोंग्यात पाय ठेवाचा नाई हे मले लहानपनापासून ठाऊक हाय, मी बी भोयाचीच लेक हाव. माह्या बापाच्या तळ्यावर बी तोच रिवाज होता.

आता मजेची गोठ आयका. परवा मदनसिंग ठाकुराची बैलांची दमनी आली. उकंडरावानं त्याले वेशीवरच गाठलं होतं, आमच्या घाटावर चाला म्हनून. पन ठाकूर थेट आपल्या दारात. बाहीरूनच हाक मारली का दौलत कहाँ है, मेरी मछली कहाँ है? तुमी नाई म्हनल्यावर त्याचं तोंड एवढंसं झालं. म्हातारा मानूस, पोटानं सुटलेला, मागच्या साली तळ्याचं पानी नाकातोंडात गेलं, तरी वर्सभर त्या एका मरळीचा घोर लावून बसला. म्हने बहू, मैंने उसकी पीठ देखी थी. त्याले खाची नाई बरं का ती. ठाकुरीनबाईनं घरात मासा बंद केला. त्याले ती नुसती धराची हाय.

मले काय झालं कोन जाने. दाराआडून मी बोलून गेली का मरळ धराची असन तं आपल्याच घाटावर धरा, मी दाखवते कुठं असते.

ठाकूर म्हने, डोंगा कोन हाकलन?

म्या म्हनलं, डोंगा कायले लागते?

तुमी इतके साल तळ्यावर काढले, पन दुपारच्याले आमी बाया शिंगाडे तोडाले जातो तवा काय दिसते, हे कदी इचारलं नाई. मासा मानसाचा, शिंगाडा बाईचा, असं धरून चालले. आता आयका. आमी पोटाखाली पालथं मडकं धरून पान्यावर तरंगत जातो. मडक्याचा आवाज नाई, वल्ह्याचा आवाज नाई. थंडीत मरळ सकाळभर गाळात निजते. ऊन चढलं, वरचं पानी कोमट झालं, का दम घेयाले वर येते. शिंगाड्याच्या दोन वेलांमंदात जी मोकळी जागा हाय, बाभळीचं जुनं खुंट बुडालं हाय त्याच्या अलीकडं, तिथं येते. तोंड वर काढते, घोट घेते, जाते. माह्या मडक्यापासून हातावर. तुमचा डोंगा तिकडं फिरकला का दिवसभर येत नाई, कारन लाकडावर वल्हं आपटलं का तिले गाळात आयकू येते. तुमी म्हनता मासा नाई. मी रोज त्याच्याशी तोंडाले तोंड लावून शिंगाडे तोडते.

तं आता असं ठरलं. मडके बांधाचे, वर बाज ठेवाची, बाजेवर ठाकूर. मागून मी पान्यातून ढकलनार. डोंगा नाई, तं डोंग्यात पाय बी नाई.

बाज कोनाची, हे इचारू नका. घरात एकच धड बाज हाय, अन तिच्यावर तुमची माय निजते. म्या मांगली तवा त्या म्हनल्या का माह्या नवऱ्यानं इनलेली बाज त्या ढोल्या ठाकुराच्या बुडाखाली देऊ काय?  संध्याकाळी पाह्यलं तं त्या खाली गोधडी हातरून निजल्या होत्या अन बाज अंगनात उभी करून ठेवली होती. एका पायाचं सुंभ ढिल्लं होतं, ते बी आवळून.

तुमी यायचे असन तं या. नाई तं आमी चाललो.

तुळसा


पार्डी
संक्रांतीची कर

तिळगूळ पाकिटात घातला हाय. गोड बोलाचं का नाई, ते तुमी ठरवा.

पयल्या दिवसाचं सांगते. मडके तळ्यात नेले, बाज बांधली. काठावर अर्धं गाव. ठाकूर आले, पटका काढून गाडीवानाकडं देला, धोतर खोचलं अन बाजेवर बसले. बसले ते एका कडेले. बाज तिरपी, ठाकूर पान्यात. गुडघाभरच पानी होतं, पन मागल्या सालची याद येऊन लोक पोट धरून हासले. मले वाटलं, झालं, गेला म्हातारा कारंज्याले. पन ठाकूर उठले, दाढीचं पानी पुसलं अन म्हने, बहू, बैठना नहीं है क्या? म्या सांगतलं का बसाचं नाई, पालथं निजाचं. पोट बाजेवर, तोंड पुढं, हात पुढं. मंग ते निजले. काय दिसत होते म्हनून सांगू. पाय माह्याकडं, एक पाय लाजून आकसून घेतलेला. त्याले वाटे सुनेसारख्या बाईकडं पाय कसे कराचे. म्या म्हनलं, ठाकूरसाहेब, पाय सोडा, नाई तं बाज गोल फिरते.

मरळीच्या गळाले बेडकी लागते, अन ती घावत नाई या दिवसात. म्या मळ्यात केळीच्या बुडाशी ओला पालापाचोळा उकरून धरून आनल्या. एक ठाकुराच्या इलायती काठीच्या गळाले लावली. त्या खुंटाच्या अलीकडं नेऊन बाज थांबवली, अन दोघं बी गप. ऊन डोक्यावर आलं. कितीक वेळ काही नाई. मंग पानी हाललं, काळं तोंड वर आलं, घोट घेतला, गेलं. ठाकुराचे पाय थरथर कापाले लागले, मले बाजेच्या लाकडातून समजलं. म्या हळूच सांगतलं, आता बेडकी टाका, अन घेतली का ओढू नका. गिळू द्या.

घेतली तिनं. अन ठाकुरानं लगेच ओढली.

नुसता गळ आला वापस. ठाकूर बाजेवर डोकं टेकवून पडले ते काठाले लागेपर्यंत उठले नाई. मी बाज ढकलत राह्यली. बोलाचं लय होतं.

पानी थंड नाई. अजिबात नाई. मले दोन दिवस कसकस होती ती पान्यानं नाई, तिळाचा हलवा जास्त झाला. तुमच्या मायनं ओव्याचा शेक देला अन रातभर बडबडल्या का दुसऱ्याच्या पोरीले मारून टाकते हे घर. मले आयकू येत नाई असं त्याईले वाटलं.

उकंडरावाचं आयका. ठाकूर माह्या घाटावर गेले हे त्याईले खपलं नाई. दुसऱ्या खेपेले आमी खुंटाजवळ पोचलो तं हे आपला डोंगा घेऊन घाटाच्या शीवेवर हाजीर. शीव वलांडत नाई, पन शीवेवर इकडून तिकडं, तिकडून इकडं, अन दर वक्ती वल्हं डोंग्याच्या काठावर ठन ठन. मी माह्या पान्यात हाव म्हने, तुमाले काय. खरंच त्याच्याच पान्यात होते, बोलाचं काय? मासा वर आला नाई. दुसऱ्या दिवशी बी तेच. ठाकूर लालबुंद. मले तं रडूच आलं, पन अंग सारं ओलं, कोनाले समजत नाई.

तिसऱ्या दिवशी तुमची माय काठी टेकत काठावर आल्या. मले वाटलं बाज पाह्याले आल्या. त्या गेल्या उकंडरावाच्या काठावर. त्याचा डोंगा निघाच्या बेतात होता. काठावरल्या बायांनी मले मागून जे सांगतलं तेच लिवते. तुमच्या मायनं लुगडं घोट्याच्या वर घेतलं, डोंग्याच्या काठाले हात लावला अन म्हनल्या, उकंड्या, म्या तुले मांडीवर खेळवला. आज तुह्या डोंग्यात बसून तळं पाह्याचं मनात हाय. टाकू पाय?

उकंडराव डोंग्यातून कसे उतरले ते त्याईलेच ठाऊक. काकू, काकू करत हात जोडत होते. बाईचा पाय पडला तं डोंगा बाद, नवा कोराले समदा उन्हाळा जाते. काकू म्हनल्या, तू डोंगा काठावर ओढून ठेव, मी पाय काठावर ठेवते. तवापासून त्या रोज दुपारच्याले तिथंच बसतात, उकंडरावाच्या डोंग्याले टेकून, शेंगा सोलत. डोंगा जाग्यावरून हालला नाई.

डोंग्याचा रिवाज एवढा कामाचा असन असं मले वाटलं नव्हतं.

पन मासा अजून नाई. दोन दिवस आभाळ आलं, ऊनच नाई, तं वर काय येते. ठाकूर देवळाच्या धर्मशाळेत मुक्कामाले हायत. घरून बोलावनं आलं, त्याईनं दमनी वापस धाडली अन आपन राह्यले. पुनव जवळ आली.  तुमाले लिवनार नव्हती, पन लिवते. मले भेव वाटते.

तुळसा


पार्डी
पौषाची पुनव झाली, त्याचा दुसरा दिवस

अक्षर वाकडं आलं तं समजून घ्या, टाक खराब हाय. हाताले काही झालं नाई.

मरळ पडली. आसरामायपुढं आपल्या घाटाची मरळ पडली. आधी एवढं लिवून टाकते, म्हनजे तुमी पुढचं निवांत वाचसान.

पुनवेच्या सकाळी बी आभाळच होतं. पंच अन बाकीचे घाटवाले आपापली मरळ घेऊन आसरामायच्या गोट्यांजवळ जमाले लागले. उकंडरावानं तं आपली कवाच काढून ठेवली होती. ते नवा पटका बांधून आले होते. दिवस मावळेपर्यंत वाट पाहू, असं बापूराव पंचानं सांगतलं. म्हातारा कडक हाय पन खोटा नाई.

दुपार होता होता आभाळ फाटलं. ऊन असं पडलं का मी जेवन तसंच टाकून पळाली. ठाकूर आधीच बाजेवर पालथे पडून होते, काठाले बांधलेल्या बाजेवर, काठी पुढं धरून. म्हने, बहू, मैं तैयार हूँ.

खुंटाजवळ गेलो. मी छातीभर पान्यात, मडकं पोटाखाली, एक हात बाजेच्या पायाले. तीन दिवस ऊन नव्हतं, तं मासा दमाले आला असन हे ठाऊक होतं. आलीच. जवळ, बाजेच्या पुढ्यात. पाठ दिसली, अंगावरले ठिपके दिसले. लहान नाई, हातभराच्या वर चांगली. ठाकुरानं बेडकी टाकली, अशी हलकी का मले बी आवाज आला नाई. पानी फुगलं. घेतली.

म्या म्हनलं, थांबा.

गळाचं सूत सरकाले लागलं. ठाकुराचा श्वास मले आयकू येत होता.

अजून थांबा. गिळू द्या.

सूत थांबलं. मंग परत चाललं, हळू, जसं कोनी घरी निघालं.

आता.

ठाकुरानं जे हाताले हिसका देला, बाज पुढून पान्यात बुडली अन परत वर आली. मरळ लागली होती. लागली ती सरळ खुंटाकडं गेली. बुडाखाली शिरली, सूत गुंतून आढा बसला. ठाकूर ओढते तं येत नाई, सोडते तं ढिल्लं पडत नाई. सूत तुटलं का झालं. काठावर लोक ओरडून राह्यले होते. कोनी म्हने ओढा, कोनी म्हने सोडा. उकंडराव हासून राह्यले होते ते मले तिथून दिसलं.

म्या मडकं सोडलं. कासोटा आवळला अन बुडी मारली.

खाली काही दिसत नाई, गढूळ. सूत धरून धरून खुंटापर्यंत गेली. आढा घावला, एका फांदीले दोनदा फिरला होता. तो काढाले हात घातला तं मरळीनं परत ओढ मारली, सूत माह्या हातात रुतलं. तुमाले काय सांगू, वाटलं बोट गेलं. पन फांदी मोडली. मोडली अन मी वर आली, अन पाह्यते तं ठाकूर बाजेसकट तळ्याच्या मंदात चालले. म्या हात सोडला होता ना बाजेचा. मरळ पुढं, तिच्या मागं सूत, सुताच्या मागं ठाकूर पालथे, मडके बुडबुड करत. अन म्हातारा लेकरासारखा हासून राह्यला होता. छोडूँगा नहीं, छोडूँगा नहीं, एवढंच म्हनत होता.

म्या पवत जाऊन बाज धरली. मरळ दमली होती. कल्ल्याच्या मागून बोटं घालून धरली अन बाजेवर, ठाकुराच्या तोंडापुढं टाकली. त्याईनं दोन्ही हातांनी दाबून धरली अन तिच्याकडं पाहातच राह्यले. डोळ्यातून पानी. मंग म्हने, बहू, ये तुम्हारी है. मैंने पकड़ ली, बस.

काठाले लागलो तं वाजंत्री काय ते वाजाचं बाकी होतं. बायांनी मले वर ओढलं, कोनाचं तरी कोरडं लुगडं अंगावर टाकलं. तुमच्या मायनं माहा हात धरला, पाह्यला, पदर फाडून बांधला अन म्हनल्या, चाल. हात बरा हाय, लिवलं ना वर.

पंचापुढं मरळ ठेवली. मोजली, हातभराच्या वर चार बोटं. उकंडराव उभे राह्यले. म्हनले, बाईनं तळ्यात मासा धरला, रिवाज मोडला, आसरामाय गाव बुडवन. बापूराव पंचानं इचारलं का बाईचा पाय डोंग्यात पडला काय? कोनाच्या डोंग्यात? डोंगा तं तुहा काठावर हाय, तिच्या घरचा वाळून फाटला. रिवाज डोंग्याचा हाय. बाजेचा अन मडक्याचा रिवाज मले कोनी सांगतला नाई, माह्या बापानं बी नाई. उकंडराव म्हनले, मंग मासा ठाकुरानं धरला. पंच म्हनले, पाहुन्यानं धरला तरी मासा ज्याच्या पान्यातला त्याच्या घाटाचा. तुह्या घाटावर पाहुने येतात तवा तू बी तेच म्हनतो.

मंग उकंडराव बसले. नवा पटका काढून मांडीवर ठेवला.

मरळ गोट्यांपुढं ठेवली, हळदकुंकू वाह्यलं. आता पुकाराचं राह्यलं. दरवर्सी पुकारतात तसं पंचानं तोंड उघडलं, ‘दौलतच्या’ एवढं म्हनलं, अन मी मंदातच बोलली. मले ठाऊक नाई कुठून आलं. म्या म्हनलं, दादा, दौलतचा घाट नका पुकारू. दौलत अकोल्याले हाय. मरळ म्या आनली.

 बाईच्या नावानं घाट कदी पुकारला नाई या तळ्यावर. पंच माह्याकडं पाह्यले नाई, तुमच्या मायकडं पाह्यले. तुमी मायचे एकुलते एक. त्याईनं नाई म्हनलं असतं तं मी काही बोलली नसती, तिथंच मान खाली घातली असती. हे खरं सांगते.

तुमच्या मायनं पंचाले नाई, मले पाह्यलं. मंग म्हनल्या, जिनं पानी राखलं तिचं नाव घ्या.

पुकारला. ‘तुळसाबाईचा घाट.’ तळ्याच्या त्या काठाले जाऊन आवाज वापस आला. मी तिथंच बसली, अन जे रडली ते घरी येईपर्यंत. ठाकूर म्हने, रोती क्यों हो? लय आनंद झाला होता, एवढंच.

आज आंग मोडून आलं हाय. पन निजावं वाटत नाई. उठून उठून तळ्याकडं पाहून येते.

तुळसा


पार्डी
माघ, वसंतपंचमीच्या आधी

नमस्कार. आज रागात नाई.

तुमचं कार्ड आलं. या वक्ताले दोन्ही बाजू भरल्या, मास्तरही म्हनले वा. अकोल्यात तुमाले गावाकडच्या मानसानं सारं सांगतलं, अन जिनातले लोक तुमाले ‘मरळवाल्या बाईचा नवरा’ म्हनून राह्यले. तुमाले राग आला का नाई ते तुमी लिवलं नाई. आला असन. येऊ द्या.

तुमी लिवता, मी येतो, माहा घाट आता मी सांभाळीन, पुढच्या हिवाळ्यात ठाकुराले मीच नेईन, तू पान्यात जाऊ नको. शेवटचं तुमी मायेनं लिवलं, मले समजते. म्या ते ओठाले लावलं. बाकीचं तसंच ठेवलं.

ठाकूर पुढच्या हिवाळ्याची वाट पाहानार नाईत. कारंज्याले जाऊन त्याईनं सांगतलं, तं त्याच्या दोन दोस्तांना या माघातच याचं हाय. दुसरी बाज पायजे, मडके पायजेत. तुमच्या मायनं आपली बाज वापस मांगली अन वापस आनल्यावर म्हनल्या, ओलीच हाय अजून, जाऊ दे, तुमीच घ्या. गावातल्या दोघीतिघी मले इचारून राह्यल्या का ढकलाले येऊ काय. म्या हाव म्हनलं. उकंडरावाच्या बायकोनं बी इचारलं, पदराआडून, नवऱ्याले न सांगता. तिले बी हाव म्हनलं.

तं आता तुमचं. मले तुमची याद येते. चंपासष्टीच्या कागदात येत नाई म्हनून लिवलं, ते खोटं होतं. तुमी डोंग्यात उभे राह्यले तवा बी मी हासली ती तुमाले पाहून बरं वाटलं म्हनून. मासा लागला का तुमचं तोंड जसं होते तसं म्या दुसऱ्या कोनाचं पाह्यलं नाई. तुमी या. पन कोनाच्या घाटावर येऊन राह्यले ते ठाऊक ठेवून या. काठावर घोकत बसू नका का माहा होता, माहा होता. वाशीमच्या टेसनावर उतरा, तिथून मोटार हाय, दिवस मावळाच्या आत घरी याल.

मानसानं बाजेवर पाय ठेवू नये असा काही रिवाज नाई, मी पंचाले इचारून घेतलं. तुमी पुढं निजाचं, मी मागून ढकलीन. मी थांबा म्हनलं का थांबाचं. आता म्हनलं का ओढाचं. जमत असन तं या.

नाई जमत तं बी या. शिकवीन.

तुळसाबाई, घाटवाली
पार्डी तळ्याची